नव्व्याण्णवानं जाणारी गाडी

कुठलीही संख्या समोर आली की रंगारी मॅडम आधी तिचं शेपूट धरत. "बैल घेतांनी दात पाहतात, संख्या घेतांनी शेपूट पाहा," हे त्यांचं क्लासमधलं पहिल्या दिवसाचं पहिलं वाक्य. शेवटचा आकडा विषम निघाला की भागायला आलेल्या दोन, चार, सहा, आठ या सगळ्यांना दारातूनच परत पाठवायचं. शून्य किंवा पाच नसला की पाचालाही. "एक आकडा पाहिला अन् अर्धी वरात परत गेली. आता जे उरले, तेवढ्यांशीच बोला."

शहराच्या कडेच्या वाडी गावात, अमरावती रोडला लागून, एका ट्रान्सपोर्टच्या गोदामावर आमचा स्पर्धा परीक्षेचा क्लास होता. खाली ट्रकमधून पेट्या उतरत आणि वर आम्ही तलाठी, लिपिक, पोलीस भरती असं ज्याच्या नशिबात जे असेल त्याची तयारी करत बसलेलो. माझे वडील तिथल्याच एका गोदामात हमाली करायचे. मी बी.ए. झालेली. आमच्या घरातच नाही, आमच्या सगळ्या लाइनीत कॉलेजची डिग्री घेतलेली मी पहिली, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. पण गणिताचं नाव काढलं की ती डिग्री माझ्या काही कामाची नव्हती. दहावीला गणितात काठावर वाचले होते आणि पुन्हा त्या काठाकडे फिरकायचं नाही असं ठरवलं होतं.

मॅडम बुटक्या, पन्नाशी ओलांडलेल्या. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात पोरांसारखे पांढरे बूट. साडीवर बूट पाहून नवीन मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या. मॅडमना ते कळायचं. "हसा. खडूचा चुरा चपलेत जाते अन् मग दिवसभर पाय चावते. फॅशन तुमी करा, मले शिकवाचं आहे." कोणतंही बोलणं त्या असं तोडूनमोडून सरळ करायच्या. क्लासमध्ये एसी नव्हता, उन्हाळ्यात पत्र्याखाली आम्ही भाजून निघायचो, पण मॅडमच्या तासाला मागची बाकंही रिकामी नसत.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक लांबलचक प्रश्न लिहिला. एका वर्गात मुलं आणि मुली यांचं प्रमाण तीनास पाच, मग इतकी मुलं आली, तितक्या मुली गेल्या, तर सुरुवातीला एकूण विद्यार्थी किती? खाली चार पर्याय : ५०, ५४, ५६, ६०. आम्ही 'क्ष मानू' म्हणून वह्या उघडतो तोच मॅडमनी डस्टर घेतलं आणि "तीनास पाच" एवढं ठेवून मधला सगळा मजकूर पुसून टाकला.

"हं. सांगा उत्तर."

मी न राहवून बोलले, "मॅडम, अर्ध्या प्रश्नावरून उत्तर कसं येईल?"

"तू किती शिकली वं?"

"बी.ए."

"मग सांग, बी.ए.च्या वर्गात अर्धा पोरगा बसलेला पाहिला कधी?"

वर्ग हसला. मॅडम नाही हसल्या. तीन मुलं आणि पाच मुली म्हणजे आठाची एक टोळी. वर्गात अशा पूर्ण टोळ्याच असणार. पन्नासात आठाच्या टोळ्या पाडा, दोन जण उरतात. चोपन्नात सहा उरतात. साठात चार. छप्पन्नात कोणी उरत नाही. संपलं. "उत्तराच्या मागं धावू नका," त्या म्हणाल्या, "खोट्याले हाकला. सारे खोटे गेले की खरं बिचारं एकटंच उभं राहते."

त्या दिवसापासून आमच्या क्लासात अपूर्णांकाचं नाव 'अर्धा पोरगा' पडलं. कोणी माणसांच्या गणितात साडेबारा उत्तर काढलं की मागून आवाज यायचा, "मॅडम, अर्धा पोरगा आला!"

क्लासचे मालक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते मॅडमवर खूशही असत आणि वैतागलेलेही. सरांनी भिंतीवर रंगीत पोस्टर लावली होती : तीस सेकंदांत उत्तर, पन्नास जादुई युक्त्या. त्यांचं म्हणणं असं की मॅडमनी नियम सांगावा आणि पुढं जावं. मॅडम अडून बसायच्या. "सर, नियम पोरगं परीक्षेच्या हॉलमधी विसरते. कारण विसरत नाही." मग त्या आम्हाला खिडकीशी बोलवायच्या आणि खाली उतरणाऱ्या पेट्या दाखवायच्या. समजा दहा पेट्यांची एक थप्पी आहे. त्यातून नऊ उचलल्या, एक उरली. शंभराच्या ढिगातून नव्व्याण्णव उचलल्या, एकच उरली. हजारातून नऊशे नव्व्याण्णव, तरी एकच. म्हणजे प्रत्येक ढिगामागे एक पेटी उरते. मग उरलेल्या पेट्या म्हणजेच संख्येतल्या आकड्यांची बेरीज. तिला नवानं भाग गेला की संख्येलाही गेला; आमच्या भाषेत, संख्या नवानं गेली. खालचे हमाल वर बघून विचारायचे, "काय मोजून राहिल्या मॅडम?" माझे वडीलही त्यांच्यात असायचे. घरी येऊन ते मला म्हणाले, "तुही मॅडम आमच्या पेट्या घेऊन पोट्ट्यायले शिकवते, अन् एकही पेटी उचलत नाही."

मॅडमचं गणित वहीत मावत नसे, हीच त्यांची गंमत. रोशन नावाचा एक मुलगा होता. त्याचा सात जणांचा ग्रुप, पोलीस भरतीचा. एकदा त्यांच्यात जोरदार बिनसलं. सरांनी रोशनला बोलावून विचारलं तर तो छाती पुढं काढून म्हणाला, "सर, एवढं काही नाही. सातही जणांले विचारून आलो मी. आमच्यातला प्रत्येक जण तिघांशी बोलते, तिघांशी नाही बोलत. बराबर वाटणी आहे."

मॅडम बाजूनं खडू घेऊन चालल्या होत्या. चालता चालताच म्हणाल्या, "खोटं."

"शपथ मॅडम!"

"शपथ राहू दे. बोलणं दोघांचं असते न? एक बोलणं दोघांच्या खात्यात पडते. मग साऱ्यांची बेरीज सम आली पाहिजे. सात त्रिक एकवीस. विषम कशी आली गा? कोणीतरी अशा माणसाले मोजून राहिला, जो त्याले मोजत नाही."

 मग मॅडमनी खरंच सगळ्यांना नावं घेऊन विचारलं. निघालं ते असं : सागर ज्याला आपला म्हणून मोजत होता, तो बंटी सागरला मोजतच नव्हता. सागर बिचारा तोंड पाडून बसला. मॅडमनी त्या दोघांना एका बाकावर बसवलं आणि महिनाभर तिथंच बसायला लावलं. "आता बेरीज करा," म्हणाल्या. पुढं दोघं एकत्रच भरतीला धावले. कोण किती बोललं ते मला ठाऊक नाही, पण बेरीज बसली.

या सगळ्यात मॅडमचा सर्वांत आवडता खेळ म्हणजे 'आजची गाडी'. तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं प्रत्येकानं त्या दिवशी रस्त्यात दिसलेल्या गाडीचा नंबर सांगायचा आणि तो कशाकशानं जातो ते तोंडी सांगायचं. ज्याची गाडी सगळ्यात जास्त जणांनी जाईल त्याला खिडकीजवळची खुर्ची. वाडीत गाड्यांना काय तोटा? नाक्यावर उभं राहिलं की ट्रक, टेम्पो, ऑटो यांची रांगच. आम्हाला इतकी सवय लागली की बसमध्येही डोळे पुढच्या गाडीच्या मागच्या पाटीवर. माझी आई म्हणायची, "काहून वं, त्या ट्रकच्या ड्रायव्हरशी लगन करतं का?"

याच खेळानं वैशालीचा घात होता होता राहिला.

वैशाली माझी शेजारीण आणि मैत्रीण. दोनदा एकेका मार्कानं तिची नोकरी हुकली होती. त्या वर्षी तिच्या वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे पुढची जाहिरात तिच्यासाठी नव्हतीच. आणि त्याच वर्षी, शेवटच्या संधीला, तिचं नाव लिपिकाच्या यादीत लागलं. आता फक्त कागदपत्रांची पडताळणी उरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सगळी मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं. जो हजर नाही, किंवा ज्याचा मूळ कागद नाही, त्याच्या जागी खालचा. तिच्या जात वैधतेच्या प्रमाणपत्रासाठी तिच्या बापानं वर्षभर खेटे घातले होते.

पडताळणीच्या आदल्या दुपारी ती या मूळ कागदांची फाईल घेऊन शहरात रामदासपेठेत झेरॉक्स काढायला गेली होती. आमचा तास सुरू झाला होता, आणि ही धापा टाकत, चेहरा फुललेला, अशी दारात आली.

"मॅडम, आजची गाडी मायी! नवानं गेली, अकरानं गेली, अन् आठानं बी गेली!"

वर्गानं बाकं बडवली. मॅडमचा चेहरा घरात पाहुणे आल्यासारखा उजळला. "तिन्हीनं? अवं, हे तर लाखात एक गाडी झाली. लिही नंबर."

वैशालीनं खडू घेतला, हात वर केला आणि तसाच राहिला. "नंबर... आत्ता होता मॅडम डोक्यात."

"राहू दे, आठवते. फाईल ठेव न खाली, मग लिही," मॅडम म्हणाल्या.

वैशालीनं आपल्या हाताकडे पाहिलं. हातात फक्त खडू होता.

कोणाला काही विचारावं लागलं नाही. नाक्यावर ती ऑटोतून उतरली, पैसे दिले, आणि सवयीनं मागं वळून पाटी पाहिली. शेपूट पाहिलं, नवाची बेरीज केली, मग अकरा, मग आठ. तोवर ऑटो निघून गेला, आणि सीटच्या मागच्या फळीवर ठेवलेली फाईलही. वैशाली मटकन खाली बसली. रडूही येईना तिला.

सर दारात आले होते. "मी सांगतच होतो मॅडम, हे गाड्यांचे खेळ बंद करा म्हणून."

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. इतका वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता. "सर, तुमचं बरोबर आहे. मले नंतर बोला. आता मोजू द्या." मग वैशालीकडे वळून : "ऊठ वं. नंबर विसरली न? काय काय गेलं ते नाही विसरली. शेपूट काय होतं?"

"दोन," वैशाली लगेच म्हणाली. शेपूट ती विसरणं शक्यच नव्हतं.

"सुरुवातीले शून्य?"

"नाही मॅडम. चार आकडे पुरे होते."

मॅडम फळ्याकडे वळल्या. नऊ, अकरा, आठ. या तिघांमध्ये सामाईक काही नाही, म्हणून तिघांनी जाणारी संख्या तिघांच्या गुणाकारानंही जाणारच. नऊ अकरा नव्व्याण्णव, नव्व्याण्णव आठ सातशे ब्याण्णव. म्हणजे ऑटोचा नंबर सातशे ब्याण्णवच्या पाढ्यातला. शेवटी दोन यायला हवा, तर सातशे ब्याण्णवला कशानं गुणायचं? ज्याच्या शेवटी एक किंवा सहा आहे त्यानं. एकानं गुणलं तर तीनच आकडे. सहानं गुणलं तर ४७५२. अकरानं गुणलं तर ८७१२. सोळानं गुणलं तर पाच आकडे होतात, ते गेलं. मॅडमच्या हातातला खडू तीनदा तुटला, पण आकडा एकही चुकला नाही.

फळ्यावर दोनच नंबर उरले.

"मॅडम, सात होता!" वैशाली ओरडली. "आठवलं! दुसऱ्या जागी सात होता, नक्की!"

मॅडमनी दोन्ही नंबरांवर बोट ठेवलं. दोन्हीत दुसऱ्या जागी सातच. "नव्व्याण्णवानं जाणाऱ्या चार आकड्यांत दुसरा अन् शेवटचा मिळून नऊ होतात बाई. शेवटी दोन म्हटलं तेव्हाच सात येऊन बसला होता. तू मले नवीन काही नाही सांगतलं." मग विचारलं, "सोळानं लावली होती का?"

"लावणारच होते मॅडम, तर ऑटो गेला."

"एक जाते, एक नाही जात. लावली असती तर एकच घर हिंडावं लागलं असतं." एवढं बोलून त्यांनी पर्स उचलली. "चला. दोन घरं तर दोन घरं."

आम्ही तिघी नाक्यावरच्या ऑटो स्टँडला गेलो. मॅडमनी मधोमध उभं राहून मोठ्यानं विचारलं, "सत्तेचाळीस बावन्न कोणाचा आहे गा?"

एक तरुण ऑटोवाला चहाचा ग्लास घेऊन दचकून उठला. "मायाच आहे. काहून, चालान फाटलं का?"

"आज रामदासपेठेवरून आला का?"

"कुठलं आलं मॅडम? परवापासून गॅरेजमधी उभा आहे. इंजिन खोलून ठेवलं मिस्त्रीनं."

वैशालीनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मॅडमनी त्या नंबराला मनातल्या मनात हाकललं असावं, कारण त्यांच्या तोंडावर एकदम वर्गातला तोरा आला. "मग सत्त्याऐंशी बारा?"

"तो गणेशचा. आत्ताच गेला घरी जेवाले. दवलामेटीले राहते, पाण्याच्या टाकीजवळ."

त्याच्याच ओळखीच्या दुसऱ्या ऑटोत बसून आम्ही दवलामेटीला गेलो.  पाण्याच्या टाकीजवळ एक ऑटो उभा होता. ८७१२. आमचा ऑटो थांबायच्या आधीच वैशाली उतरली. आत, घरात, फ्रिजवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी तिची फाईल.

गणेश हात धुवत बाहेर आला. "तुमचीच का ताई? बरं झालं. वर नाव आहे पण फोन नंबर नाही. उद्या दुपारी त्या रस्त्यानं भाडं मिळालं असतं तर झेरॉक्सवाल्याजवळ देणार होतो."

उद्या दुपारी. वैशालीला आता रडू आलं. गणेशच्या बायकोनं पाणी दिलं, मग चहा ठेवला. मॅडमनी फाईल उघडून एकेक मूळ कागद वैशालीला मोठ्यानं वाचायला लावला. सगळे होते.

"पण मले कसं शोधलं मॅडम?" गणेशनं विचारलं.

"तुही गाडी नव्व्याण्णवानं जाते," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, सीएनजीनं जाते," तो गंभीरपणे म्हणाला.

तिथं पहिल्यांदा मॅडम हसल्या. इतक्या हसल्या की चष्म्याच्या आत पाणी आलं आणि ते पुसायला पदर पुरेना. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते नुसतं हसणं नव्हतं हे माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या बाईलाही कळलं.

दुसऱ्या दिवशी पडताळणीला त्या आल्या. बोलावलं नव्हतं. साडी, पांढरे बूट, हातात पाण्याची बाटली. वैशाली आणि तिचे वडील आत गेले आणि आम्ही दोघी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभ्या राहिलो. मी काहीबाही बोलत होते, त्या हूं हूं करत होत्या. मध्येच म्हणाल्या, "सरचं बरोबर होतं, नाही का वं?"

"मॅडम, फाईल सापडली कशी? त्याच खेळानं न?"

"हरवली बी त्याच खेळानं. दोन्ही सारखंच खरं आहे. खोटं कोणतं, म्हणून मी एकालेही हाकलू नाही शकून राहिली." त्यांना कोड्यात पडलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

दुपारी बाप-लेक बाहेर आले. वैशालीनं लांबूनच अंगठा दाखवला. कागद मान्य झाले होते, नोकरी तिची झाली होती. तिच्या वडिलांनी मॅडमसमोर हात जोडले. "जय भीम मॅडम" एवढंच म्हणाले. मॅडमनी तितक्याच हळू आवाजात "जय भीम" म्हटलं. बाप-लेकीला तिथून पेढे घेऊन इंदोऱ्यात आत्याकडे जायचं होतं. वैशाली मोटारसायकलवर बसायला लागली तशी मॅडमनी तिच्या हातातून फाईल काढून घेतली.

"हे मी घरी तुह्या माईजवळ देते. तुमी पेढे वाटत हिंडसान अन् हे कुठं ठेवसान, भरवसा नाही."

त्यानंतर महिन्याभरात मॅडम लेकीच्या बाळंतपणाला चंद्रपूरला गेल्या आणि तिथल्याच होऊन राहिल्या. फोन असतो. नातू नऊ महिन्यांचा झाला तेव्हा मला मुद्दाम फोन करून सांगितलं की आता तो नवानं जातो. वैशाली पहिल्या पगाराची साडी घेऊन तिकडं जाऊन आली. मीही आता रामदासपेठेत एका ऑफिसात कामाला आहे, पण चंद्रपूरला जाणं अजून जमलेलं नाही. त्यामुळे माझ्यापुरत्या मॅडम अजून त्या दुपारच्या रस्त्यावरच आहेत.

मी स्कूटी चालवत होते आणि त्या मागं, फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरून. अमरावती रोडला गाड्यांची नेहमीसारखी गर्दी. पुढं ट्रक, बाजूला टेम्पो, सगळ्यांच्या पाट्या डोळ्यांसमोर. सिग्नलला थांबले तेव्हा आरशात पाहिलं, तर मॅडमनी डोळे गच्च मिटून घेतलेले.

"मॅडम, झोप आली का?"

"नाही वं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "तू चालव. घर आलं की सांग."